तालाचे अंक आणि तालाची अंगे

बंगळूर शहराची घडण लक्षात घेतली म्हणजे प्रस्तुत विषय समजणे पुष्कळसे सोपे होते. १८०९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टण येथील आपले सैन्य हलवून बंगळुरास छावणी वसविली. तेव्हापासून जवळजवळ दीड शतक या एका नावाची दोन गावे शेजारी-शेजारी नांदत होती. एक जुनी पेठ, जिला कन्नड भाषेत ‘पेटे’ म्हणतात; आणि दुसरी छावणी, जिला लोक ‘दंडु’ म्हणत. १८७० मध्ये या दोहोंच्या मध्ये कब्बन पार्क हे विस्तीर्ण उद्यान आखण्यात आले. १९४९ मध्ये दोन्ही भागांची मिळून एकच महापालिका झाली आणि कारभारापुरता तरी हा दुजाभाव संपला.

या दोन गावांत संगीत मोजण्याच्या रीतीही दोन होत्या. कब्बन पार्कमधील बँडस्टँडवर लष्करी वाद्यवृंद वाजत, तेव्हा वादकांसमोर कागद असे आणि त्या कागदाच्या आरंभी दोन अंक एकाखाली एक छापलेले असत. पेठेच्या बाजूला गायन समाज ही संस्था १९०५ पासून मैफली करीत आली. चामराजपेटेत श्रीरामसेवा मंडळीने १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरविला. तेथे कागद कोणाच्याही हाती नसे. श्रोत्यांचे उजवे हात मांडीवर पडत, बोटे एकामागून एक टेकत, तळवा उलटा होई. आणि शेकडो हात हे सर्व एकाच क्षणी करीत. आजही करतात.

कागदावरील ते दोन अंक आणि मांडीवरील तो हात यांत अंतर काय, आणि आजचे लोकप्रिय गीत ऐकताना त्या अंतराचे आपल्याला काय करायचे आहे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रथम अंकांविषयी. पाश्चात्त्य स्वरलिपीत त्यांना ‘टाइम सिग्नेचर’ म्हणतात. आपण त्यांना कालचिन्ह म्हणू. वरचा अंक सांगतो की एका खंडात, म्हणजे दोन उभ्या रेघांमधील जागेत, किती ठोके आहेत. खालचा अंक सांगतो की त्यातील एक ठोका कोणत्या लांबीच्या स्वरचिन्हाने लिहिला आहे : चार असेल तर पूर्ण स्वराच्या चतुर्थांशाने, आठ असेल तर अष्टमांशाने. लिहिताना ही जोडी अपूर्णांकासारखी दिसते, परंतु ती अपूर्णांक नव्हे. ‘तीन छेद चार’ म्हणजे पाऊण नव्हे. तीन ठोक्यांचा एक खंड, एवढाच त्याचा अर्थ. ऐकणाऱ्याने खालच्या अंकाची फारशी चिंता करू नये. तो लेखनाच्या सोयीचा आहे. ‘सात छेद चार’ आणि ‘सात छेद आठ’ यांतील भेद वादकाच्या डोळ्यांना जाणवतो, श्रोत्याच्या कानांना क्वचितच.

आता हाताविषयी. कर्नाटक संगीत शिकू लागलेल्या मुलाला सरळी वरिसे वगैरे प्रारंभिक स्वरपाठांनंतर लवकरच सात तालांचे अलंकार शिकवितात. हा पाठ्यक्रम पुरंदरदासांनी घालून दिला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट आणि एक असे हे सात ताल. त्यांच्या मात्रा अनुक्रमे चौदा, दहा, सहा, दहा, सात, चौदा आणि चार. बंगळूरच्या बसवनगुडीत किंवा मल्लेश्वरात एखाद्या घरी सात-आठ वर्षांची मुलगी गुरूसमोर बसून हे अलंकार म्हणत असते, तेव्हा आपण काही अवघड करीत आहोत असे तिच्या मनातही येत नाही. पुढे पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकात तिला वाचायला मिळते की पाच आणि सात हे ‘विषम’ किंवा ‘असामान्य’ ठेके होत, तेव्हा तिला नवल वाटले तर ते स्वाभाविकच आहे.

परंतु या सात तालांच्या यादीत याहून मोलाची एक गोष्ट आहे. दहा हा आकडा तिच्यात दोनदा येतो आणि चौदा हाही दोनदा येतो. ताल जर केवळ मात्रांच्या संख्येने ओळखता आला असता, तर दोन-दोन ताल ठेवण्याचे कारणच नव्हते. मठ्य तालाचे दहा चार, दोन, चार असे विभागले जातात. झंप तालाचे दहा सात, एक, दोन असे. हाताने ते दाखविण्याची रीतही ठरलेली आहे. पहिल्या मात्रेला टाळी आणि उरलेल्या मात्रा बोटांवर, या अंगाला लघू म्हणतात. एक टाळी आणि एकदा तळवा उलटा, हे द्रुत. नुसती एक टाळी, हे अनुद्रुत. मठ्य म्हणजे लघू, द्रुत, लघू. झंप म्हणजे लघू, अनुद्रुत, द्रुत. लघूच्या मात्रा तीन, चार, पाच, सात किंवा नऊ असू शकतात. या पाच जाती सात तालांना लावल्या म्हणजे पस्तीस ताल सिद्ध होतात. महाराष्ट्रातील वाचकाला आणखी एक दहा मात्रांचा ताल चांगला परिचयाचा आहे : झपताल, ज्याचे विभाग दोन, तीन, दोन, तीन. तेव्हा दहाचे हे तीन निरनिराळे देह झाले. अंक एकच, अंगे वेगळी. कानाला जे जाणवते ते अंगांमुळे.

हे तत्त्व भारतीय संगीतापुरते मर्यादित नाही, हे दाखविण्यासाठी गोव्याचा मांडो पुरेसा आहे. घुमट आणि व्हायोलिनच्या साथीने गायिले जाणारे हे संथ प्रेमगीत स्वरलिपीत बहुधा ‘सहा छेद चार’ असे लिहितात. त्याच्यामागून येणारे चपळ दुलपद ‘सहा छेद आठ’. सहाचे दोन तिकडे होतात, तसेच तीन दुकडेही होतात. तीन-तीन असे म्हटले की दादऱ्यासारखा झोका येतो. दोन-दोन-दोन म्हटले की वॉल्ट्‌झचे पाऊल पडू लागते. वाचकाने टेबलावर सहा समान ठोके वाजवून आधी पहिल्या व चौथ्या, आणि मग पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या ठोक्यावर जोर देऊन पाहावा. ठोक्यांची गती रतिभरही न बदलता गाणे बदलल्याचा प्रत्यय येईल.

नऊचे असेच एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये आपल्या चमूसह लांबच्या दौऱ्यावर होते. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांनी वादकांकडून नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला. तो तीन-तीन-तीन नव्हता. दोन-दोन-दोन-तीन असा, शेवटी किंचित लंगडणारा होता. १९५९ च्या ‘टाइम आउट’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘ब्लू राँदो आ ला तुर्क’ ही रचना त्यातून निघाली. तिच्या मुख्य भागात तीन खंड या तुर्की वळणाचे आणि चौथा साध्या तीन-तीन-तीनचा, अशी योजना आहे. कागदावरील कालचिन्ह चारही खंडांत तेच राहते. बदलतो तो फक्त जोर. याच ध्वनिमुद्रिकेतील ‘टेक फाइव्ह’ ही पॉल डेझमंड यांची पाच ठोक्यांची रचना अफाट लोकप्रिय झाली. तिचे पाच तीन अधिक दोन असे आहेत. कर्नाटक संगीतातील खंड चापूचे पाच सामान्यतः दोन अधिक तीन. एकाच पाचाला दोन्ही ठिकाणी पाच म्हणून चालत नाही.

येथे कोणी विचारील की सात किंवा पाच यांत अवघड काहीच नसेल, तर पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत चारातच का रमते? नाचाच्या पावलांचे आणि कवायतीचे कारण नेहमी दिले जाते. ते खोटे नव्हे. पण बाल्कन प्रदेशातील खेडूत सातावर आणि अकरावर नाचतात, हे पाहिल्यावर ते पुरेसे वाटत नाही. माझ्या मते निदान एक कारण भाषेत शोधले पाहिजे, आणि त्यासाठी कन्नड काव्यासारखे क्षेत्र दुसरे नाही.

पंधराव्या शतकात गदगच्या परिसरात होऊन गेलेल्या कुमारव्यासाने आपले महाभारत भामिनी षट्पदी या छंदात रचले. या छंदाला सहा चरण असतात. पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा चरण तीन, चार, तीन, चार अशा मात्रागणांचा. तिसरा आणि सहावा लांब, त्यात तीन-चारची जोडी तीनदा येऊन शेवटी एक गुरू अक्षर. म्हणजे सबंध काव्य सातांच्या पावलांनी चालते. गमकी हे काव्य तालाच्या बंधनावाचून, रागात आळवून म्हणतात. तरीही शब्दांच्या पोटातील तीन-चारची चाल लपत नाही. लक्ष्मीशाचे ‘जैमिनी भारत’ हे दुसरे लोकप्रिय काव्य वार्धक षट्पदीत आहे आणि तिचे गण पाच मात्रांचे आहेत. ओसरीवर किंवा देवळात ही काव्ये पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या समाजाला सात आणि पाच हे आकडे वाटलेच नाहीत. ते बोलण्याचे वळण वाटले. व्यासरायांचे ‘कृष्णा नी बेगने बारो’ हे यमुनाकल्याणीतील पद मिश्र चापूत, म्हणजे सात मात्रांत, गायिले जाते. ज्यांना ते पाठ आहे त्यांतील किती जणांनी त्याच्या मात्रा मोजल्या असतील?

मराठी वाचक येथे आपला अनुभव ताडून पाहील. आपला मोठा अभंग मात्रांवर नव्हे, अक्षरांवर रचलेला आहे : पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, शेवटचा चार अक्षरांचा. अक्षर लांबवायचे किती याचे स्वातंत्र्य गाणाऱ्याला असते. म्हणून सहा अक्षरे भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत सुखाने पसरतात आणि वारकऱ्यांचा टाळ कोठेही अडखळत नाही. षट्पदीला ही मोकळीक नाही. तिच्यात तिनाचा तीन आणि चाराचा चार राखावा लागतो. एकाच विठ्ठलाकडे पाहणाऱ्या दोन शेजारी भाषांच्या भक्तिगीतांत हा भेद असावा, याची चर्चा संगीताच्या पुस्तकांत व्हावी तितकी होत नाही. तशी देवाणघेवाण काही कमी नव्हती. तंजावरच्या मराठी राज्यातील कीर्तनाच्या प्रभावामुळे साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले प्रकार दक्षिणेच्या हरिकथेत शिरले. एकोणिसाव्या शतकात तंजावूर कृष्ण भागवतर यांनी त्यांचा विशेष उपयोग केला. उलट दिशेने पाहता, १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे होते, आणि त्यांच्या पदांच्या चालींत कर्नाटकाचा वाटा आहे.

पेटे आणि दंडु यांच्या दोन रीती एकत्र आल्या, त्याची कहाणी आता पाहू. बंगळुरात १९६४ मध्ये कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन ही तालवाद्यांची शिक्षणसंस्था स्थापन झाली. मृदंगवादक टी. ए. एस. मणी आणि गायिका आर. ए. रमामणी ही तिची प्रमुख नावे. या संस्थेचे कलाकार आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांची ‘ज्योती’ ही ध्वनिमुद्रिका १९८३ मध्ये निघाली. त्याआधी १९७० च्या दशकात जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘शक्ती’ या चमूत विनायकराम यांचा घटम् आणि झाकिर हुसेन यांचा तबला गिटारच्या शेजारी बसले होते. अशा मिलाफात रंग भरतो तो ऐकणाऱ्यांना दिसतो. तालमीत काय घडते ते दिसत नाही.

तालमीत बहुधा असे घडते. ड्रम वाजविणाऱ्याला सांगितले जाते की रचना सातात आहे. तो मान डोलावतो आणि चार-तीन असे वाजवू लागतो, कारण चार ही त्याची घरची वाट. मृदंगवादकाचा सात तीन-चार. दोघेही सातावर अचूक एकत्र येतात आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी एकमेकांच्या पायावर पाय देतात. कागदावर दोघांचे कालचिन्ह सारखेच असल्याने चूक कोणाची हे कागद सांगू शकत नाही. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रमचा आघात पडतो. तरुण श्रोत्याची मान त्यावर हलते. भारतीय ठेक्याचे लक्ष समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, लागलेले असते. आणि हिंदुस्थानी रूपकाची गंमत अशी की त्याच्या सातांतील पहिल्याच मात्रेवर, तीन-दोन-दोनच्या आरंभी, काल दाखवितात. जेथे जोराची अपेक्षा तेथे पोकळी असते.

जाणते वादक यावर जो तोडगा काढतात तो साध्या गणिताचा आहे. सात मात्रांची चार आवर्तने म्हणजे अठ्ठावीस. चार मात्रांची सात आवर्तने म्हणजेही अठ्ठावीसच. ड्रमवादक आपला चार न सोडता वाजवीत राहतो, मृदंग सात सोडीत नाही, दोघे फाकत जातात आणि अठ्ठावीस मात्रांनंतर समेवर भेटतात. श्रोत्याला मध्ये वाटते की ताल सुटला. मग भेट झाली की सभागृहात आपसूक दाद उमटते. येथे चार आणि सात यांपैकी कोणी कोणाला गिळलेले नाही.

सर्वत्र असे होत नाही, आणि ही काळजीची बाब आहे. संगणकावर संगीत मुद्रित करण्याच्या बहुतेक प्रणाली उघडल्या की ‘चार छेद चार’ हे कालचिन्ह आधीच मांडून ठेवलेले असते. बदलता येते, पण बदलावे लागते. विद्युत् कीबोर्डावर बोट ठेवताच वाजणारे तयार ठेकेही बहुतांशी चाराचे किंवा तिनाचे. उत्सवात किंवा लग्नात एखादे मिश्र चापूतील देवरनाम अशा ठेक्यावर गायचे ठरले, तर आठवी मात्रा कोठून तरी आणावी लागते. ती आणण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे तिनाचे अंग : त्यातील शेवटचे अक्षर एका मात्रेने लांबविले की तिनाचा चार होतो आणि सारे सुरळीत बसते. सूर तेच, शब्द तेच, राग तोच. फक्त आखूड पावलानंतर लांब पाऊल पडण्यातील जी ओढ होती ती नाहीशी होते. हे पद प्रथम असेच ऐकलेल्या मुलाला मूळ चाल पुढे कधी कानी पडली, तर तीच चुकल्यासारखी वाटते.

दोष यंत्राला देऊन मोकळे होणे मात्र बरोबर नाही. लोकप्रिय संगीताने चाराकडे झुकणे यंत्रापूर्वीचे आहे. पिंक फ्लॉइड या इंग्लिश चमूच्या १९७३ मधील ‘मनी’ या गीताचा आधार सात ठोक्यांचा आहे. बास गिटारची ती चाल कोट्यवधी लोकांना तोंडपाठ आहे. पण त्याच गीतात गिटारचे एकल वादन सुरू होताच सात सोडून चार येतो, आणि पुढे सात परततो. कन्नड भावगीताची साथही प्रामुख्याने तबल्याची असते, पी. काळिंगराव यांच्यापासून सी. अश्वत्थ यांच्यापर्यंत या क्षेत्रात मोठे काम झाले, आणि तबल्याबरोबर केरवा व दादरा हे उत्तरेचे सोयीचे ठेकेही येथे स्थिरावले. त्यांची गोडी नाकारण्याचे कारण नाही. मात्र कुमारव्यासाच्या भाषेत लिहिणाऱ्या कवीची ओळ तीन-चारची असेल, तर ती केरव्यात घालण्यापूर्वी संगीतकाराने क्षणभर थांबावे, एवढी अपेक्षा रास्त म्हणता येईल.

श्रोत्याने काय करावे? आकडे मोजू नयेत, हा पहिला उपाय. मराठीत एक ते सात जलद म्हणताना ‘सहा’ हा शब्द दोन अवयवांचा असल्याने तेथे हमखास ठेच लागते. दक्षिणेतील गुरू आकड्यांऐवजी सोल्लुकट्टु, म्हणजे तालाचे बोल, शिकवितात. तिनासाठी ‘तकिट’, चारासाठी ‘तकधिमि’, पाचासाठी ‘तकतकिट’, सातासाठी ‘तकिटतकधिमि’. प्रत्येक अक्षराला एक मात्रा, सर्व अक्षरे सारख्या लांबीची, शेवटचे अक्षर अर्धवट न गिळता. हे बोल म्हणण्याची कला पुढे कोन्नक्कोल या नावाने स्वतंत्र विकसित झाली आहे. आपल्याला तिचे पहिले पाऊल पुरे.

गाणे ऐकताना प्रथम सर्वांत खालचा आवाज शोधावा : बास गिटार, मृदंगाची डावी बाजू, डग्गा. त्याची आकृती कोठे पुन्हा सुरू होते ते पाहावे. शब्दांच्या आरंभावर विसंबू नये, कारण पुष्कळ गीते समेनंतर अर्ध्या-एका मात्रेने किंवा समेपूर्वीच उचलली जातात आणि नवखा श्रोता नेमका तेथेच फसतो. आकृती सापडली की तिच्यावर तकिट आणि तकधिमि यांची जोडणी करून पाहावी. तकधिमि दोनदा बसले आणि काही उरले नाही, तर आठ. तकिटनंतर तकधिमि बसून आकृती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तर मिश्र चापूच्या वळणाचा सात. तकधिमि आधी आणि तकिट नंतर सहज बसत असेल, तर सातच, पण अंगे उलटी. तो गाणारा बहुधा दंडुच्या बाजूने आलेला आहे. बोल बसतच नाहीत असे वाटले तर ठोक्याच्या पोटातील बारीक मात्रा ऐकाव्यात. आदि तालाचे आठ ठोके प्रत्येकी तीन-तीन मात्रांनी भरलेले असू शकतात. पाश्चात्त्य कागदावर ‘बारा छेद आठ’ दिसते तेव्हाही बहुधा चार ठोक्यांत तीन-तीन मात्रा भरलेल्या असतात. वर चार दिसतो, आत तकिट चाललेले असते.

एप्रिलच्या संध्याकाळी चामराजपेटेच्या मंडपात मागल्या रांगेत बसून हे करून पाहणे सर्वांत सोपे. तेथे बोल चुकले तरी हरकत नाही. शेजारच्या गृहस्थांचा हात मांडीवर चालूच असतो, त्याच्याकडे पाहून पुन्हा समेवर येता येते.